मधली खुर्ची

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात श्रद्धेचा उगम श्रवणात असल्याचे सांगितले आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन केले, तेथेही पहिला मान श्रवणालाच आहे. डोळा मिटता येतो. कानाला पापणी नाही. असे असूनही काय पाहावे आणि काय पाहू नये याविषयी आपण मुलांना पुष्कळ सांगतो, पण कसे ऐकावे याविषयी घरात क्वचितच बोलणे होते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता फारच ऐहिक वाटेल. घरी संगीत ऐकण्यासाठी उत्तम प्रतीचे, पर्यायाने महागडे, स्पीकर घ्यावेत काय, कोणते घ्यावेत आणि घेतल्यावर त्यांच्यासह कसे राहावे, हा तो विषय. एका धर्मगुरूने यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न आमच्याकडे आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाने आणला, आणि तो आणताना त्या घरातील एक दुखरी जागाही त्यासोबत आली.

कुटुंब सिडकोत राहणारे. गृहस्थ वाळूजच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक, पत्नी परिचारिका, दोन शाळकरी मुले आणि गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री. गृहस्थांना तरुणपणापासून संगीताची ओढ. दोन वर्षांचा बोनस बाजूला ठेवून त्यांनी एका दुकानात कमरेएवढ्या उंचीची स्पीकरची जोडी पाहून ठेवली होती. ॲम्प्लिफायर धरून तिची किंमत एका चांगल्या मोटारसायकलीएवढी होत होती. पत्नीचा संगीताला विरोध नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, घरात सासूबाईंना धड ऐकू येत नाही. आणि आम्ही ऐकण्यावरच एवढे पैसे घालायचे, हे बरे दिसेल का?”

हा प्रश्न त्यांनी आमच्याकडेच आणण्यास कारण होते. धर्मगुरूनिवासाच्या बैठकीच्या खोलीत स्पीकरची एक चांगली जोडी आहे. एका निवृत्त अभियंत्याने शहर सोडताना ती प्रेमाने दिली. गेली सात वर्षे आम्ही तिच्या सहवासात आहोत आणि त्या गृहस्थांना या छंदाची गोडी तेथेच लागली. धर्मप्रांतीय धर्मगुरू संन्याशाप्रमाणे दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत हे खरे. तथापि धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील २८२ वे कलम आम्हाला साध्या राहणीची आठवण देते. म्हणजे त्या माउलीचा प्रश्न आम्हालाही लागू होता. तो झटकून टाकण्याजोगा नव्हता.

अशा वेळी बेथानीची कथा आठवल्यावाचून राहत नाही. मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लावले आणि घर दरवळून गेले. तेव्हा यूदा इस्कर्योताने विचारले की, हे तेल तीनशे दीनारांना विकून ते पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत? तीनशे दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. प्रभूने मरियेची बाजू घेतली, एवढेच सांगून आपण पुष्कळदा थांबतो. पण नीट पाहिले तर मरियेने ते तेल स्वतःच्या केसांसाठी घेतलेले नव्हते. ते दुसऱ्याच्या पायांवर ओतले गेले. मोलाची वस्तू घरात येणे हा दोष नव्हे. ती कोणासाठी ओतली जाते, हा प्रश्न आहे. स्पीकरच्या बाबतीतही आम्ही हीच कसोटी धरून पुढे जातो.

आता वस्तूची थोडी ओळख करून घेऊ. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, त्याचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ साली घातला. कागदी शंकूच्या मागे तारेचे बारीक वेटोळे, ते वेटोळे चुंबकाच्या फटीत लोंबते ठेवायचे आणि त्यातून ध्वनीचा विद्युत्प्रवाह सोडायचा. वेटोळे मागेपुढे हलते, शंकू हवा ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. जवळजवळ शंभर वर्षे झाली, मूळ युक्ती तीच आहे. मोठा शंकू खर्जाचे स्वर काढतो, त्याला वूफर म्हणतात. लहानसा घुमट तार स्वर काढतो, तो ट्वीटर. दोघांत काम वाटून देणारे जे मंडल पेटीच्या पोटात असते, ते क्रॉसओव्हर. दोन पेट्या का लागतात, याचे उत्तर ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली घेतलेल्या पेटंटमध्ये आहे. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला पोप अकरावे पायस यांनी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगाला प्रथम संबोधित केले, हा एक सुखद योगायोग.

आपल्या शहरालाही या विद्येचा वारा लागलेला आहे. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्याने या परिसरातील कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली; परंतु सोल्डरिंगची कांडी हाती धरून ध्वनियंत्रे उघडणारी आणि जोडणारी माणसे या शहरात आजही भेटतात. पुण्याच्या केडन्सने आणि कोलकात्याच्या सोनोडाइनने भारतातच चांगले स्पीकर बनवून दाखवले. तेव्हा उत्तम ध्वनी म्हणजे परदेशी ध्वनी, ही समजूत प्रथम काढून टाकावी.

निवड करताना सामान्यतः मनुष्य दुकानात जाऊन पेट्या पाहतो. आमचा आग्रह असा की, आधी घरी जाऊन खोली पाहावी. ध्वनी खोलीत काय होतो, याचे शास्त्र हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने घडविले. १८९५ साली त्याच्याकडे एका नव्या व्याख्यानगृहाची तक्रार आली. तेथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढच्या शब्दांवर स्वार होई. सॅबिनने रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्या हळूहळू वाढवीत घुमारा मोजला. खोली जितकी मोठी तितका घुमारा अधिक, आणि मऊ वस्तू जितक्या जास्त तितका तो कमी, हा नियम त्या गाद्यांतून निघाला.

हा नियम डोळ्यांनी नव्हे तर कानांनी पाहायचा असेल तर वेरूळला जावे. तेथील दहावे लेणे, ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, ते चैत्यगृह आहे. लाकडी फासळ्यांची नक्कल करून कोरलेल्या त्याच्या पाषाणी छताखाली एक स्वर लावला की तो काही काळ रेंगाळतो आणि गाणाऱ्याला आपलाच आवाज गोड वाटू लागतो. परंतु त्याच ठिकाणी भरभर बोलू लागा, शब्द एकमेकांत मिसळून जातात. युरोपातील दगडी मठांत ग्रेगोरियन गायन संथ आणि एकसुरी का शोभले, याचे मर्म आम्हाला सेमिनरीत पुस्तकातून जेवढे कळले नव्हते तेवढे वेरूळच्या त्या लेण्यात उमगले. जागा स्वतःच एक वाद्य असते.

आपली घरे म्हणजे वेरूळची धाकटी भावंडे. वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना गिलावा. अशा खोलीत लाखमोलाचा स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. हिमरूची झुळझुळीत शाल टांगून भागत नाही. जाड सतरंजी, गोधड्यांची चळत, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि जाड पडदा हे गरिबाचे ध्वनिशास्त्र आहे. खर्जाचे गणित आणखी वेगळे. चाळीस कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते. ती दहा बाय चौदाच्या खोलीत मावणार कशी? ती भिंतींवर आपटून कोपऱ्यांत साचते आणि सारे गाणे घुमू लागते. म्हणून लहान खोलीत लहान पेटी घ्यावी आणि ती कोपऱ्यातून बाहेर ओढून ठेवावी. या एका सल्ल्याने त्या गृहस्थांचा अर्ध्याहून अधिक खर्च वाचला, कारण त्यांची खोली नेमकी तेवढीच होती.

दुसरी कसोटी मानवी आवाजाची. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी बाह्यध्वनिमुद्रणाच्या गाड्यांत बसेल असा एक फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. एलएस तीन-पाच-ए या नावाने तो आजही रसिकांत ओळखला जातो. तेथे स्पीकर पारखताना माणसाचे प्रत्यक्ष बोलणे आणि त्याच बोलण्याचे ध्वनिमुद्रण यांची शेजारी शेजारी तुलना करीत. ढोल खरा वाजतो की खोटा, हे सांगणे अवघड. पण आईचा आवाज खोटा लागला तर तान्हे मूलही ओळखते. म्हणून दुकानात जाताना दुकानदाराच्या झगमगीत तबकड्या ऐकू नयेत. आपल्या ओळखीच्या गायकाचे, ज्याला आपण समोर बसून ऐकले आहे अशाचे, ध्वनिमुद्रण न्यावे. आपल्या शहराने पंडित नाथराव नेरळकरांसारख्यांचे गाणे जवळून ऐकले आहे. ज्यांनी ते ऐकले त्यांच्याकडे कसोटीचा दगड आहेच.

दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्यास सांगावे, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते. वॉटच्या आकड्यांनी भारून जाऊ नये. शक्ती दुप्पट केली तरी ध्वनी तीन डेसिबलनेच वाढतो. घरातले नित्याचे ऐकणे बहुधा एक-दोन वॉटमध्येच होते. जुनी जोडी घेण्यातही कमीपणा नाही. मात्र शंकूच्या कडेची फोमची झालर बोटाने हलकेच दाबून पाहावी. दहा-पंधरा वर्षांत ती भुसभुशीत होऊन गळून पडते. रबराची झालर अधिक टिकते. वसईकडच्या दमट हवेत बुरशी शत्रू, तर आमच्या मराठवाड्यात धूळ आणि उन्हाळा. पेट्या उन्हाच्या तिरिपेत ठेवू नयेत आणि कोरड्या मऊ कापडावाचून त्यांना काही लावू नये.

आता सहवासाविषयी. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला, पेट्यांची तोंडे किंचित आत वळवली आणि ट्वीटर कानाच्या उंचीला आले, की एक चमत्कार घडतो. दोन्ही पेट्या जणू नाहीशा होतात आणि गायक त्यांच्या मधोमध, जेथे प्रत्यक्षात काहीच नाही तेथे, उभा राहतो. प्रथम हे अनुभवले तेव्हा आम्ही उठून त्या रिकाम्या जागेकडे चालत गेलो होतो. पण या चमत्काराला एक अट आहे. तो पूर्णपणे एकाच खुर्चीवर घडतो. दोन हात डावीकडे सरका, गायक डाव्या पेटीत जाऊन बसतो. म्हणजे या यंत्राने घरात एक सिंहासन निर्माण केले. त्यावर कोण बसणार?

वाचकहो, आम्ही ज्या ज्या घरांत अशी यंत्रे पाहिली, तेथे ती खुर्ची बहुतेक कर्त्या पुरुषाची असते. गृहिणी स्वयंपाकघरातून, म्हातारी माणसे आतल्या खोलीतून आणि मुले कानांत आपापल्या तारा खुपसून जे ऐकू येईल ते ऐकतात. जब्दीच्या मुलांनी प्रभूकडे उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या, तेव्हा प्रभूने त्यांना सेवेचा मार्ग दाखवला. आमच्या मते संगीताच्या खोलीतही तोच मार्ग आहे. मधली खुर्ची पाळीपाळीने द्यावी, आणि ज्याला कमी ऐकू येते त्याला आधी द्यावी.

वृद्धत्वात कानाचे काय होते, हेही त्या कुटुंबाशी बोलताना आम्ही मांडले. तरुण कान वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचे स्वर टिपतो. वय वाढते तसे वरचे स्वर प्रथम मावळतात. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत. म्हणून म्हातारे माणूस आवाज ऐकते, शब्द मात्र त्याच्या हातून निसटतात. मग घरचे ओरडून बोलतात, ती ओरड त्याला राग वाटते आणि हळूहळू ते विचारणेच सोडून देते. त्या आजी मिस्सेत पहिल्या बाकावर बसत, तरी प्रवचनाच्या वेळी त्यांचे डोळे जमिनीकडे असत, हे आम्ही वेदीवरून पाहिले होते. ज्या घरात मुलगा वीस हजार कंपनांचा हिशेब करतो, त्याच घरात आई चार हजारांच्या पुढे मुकी झालेल्या जगात राहते. सूनबाईंच्या प्रश्नाचा खरा अर्थ हा होता.

आम्ही निर्णय दिला नाही. तो त्यांनीच घेतला. आधी आजींच्या कानांची तपासणी झाली आणि साठवलेल्या पैशांतून दोन्ही कानांची श्रवणयंत्रे घेतली गेली. बोनसची रक्कम निम्म्याहून अधिक तेथेच संपली. गृहस्थ काही दिवस गप्प होते, ते स्वाभाविक होते. त्याग म्हटला की तो थोडा दुखायचाच. वर्षभराने त्यांनी उरलेल्या पैशांत फूटभर उंचीची, जुनी पण नीट राखलेली जोडी घेतली. ती लावण्यास आम्ही गेलो होतो. सतरंजी अंथरली, पेट्या भिंतीपासून दोन हात पुढे घेतल्या आणि आजींना मधल्या खुर्चीवर बसवले. मराठी भक्तिगीतांचे एक ध्वनिमुद्रण लावले. आजींनी क्षणभर ऐकले आणि तोंड वाकडे केले. श्रवणयंत्र बोलण्यासाठी बेतलेले असते; संगीत त्यातून पुष्कळदा कर्कश येते. त्यांनी यंत्र काढून पदरात ठेवले, खुर्ची स्वतःच पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “आता लाव. आता पेटी कळते नि टाळ कळतो.” मग दुसऱ्या कडव्याला त्या गुणगुणू लागल्या. सूर थोडा उतरलेला होता. गृहस्थांनी आवाज वाढवला नाही, उलट किंचित कमी केला, म्हणजे आईचे गाणे ऐकू यावे.

शेजारधर्माची गोष्टही येथे सांगायला हवी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. त्याच वर्षी चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या ध्वनिक्षेपकांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला. तो निकाल आपल्याच एका ख्रिस्ती मंडळीविरुद्ध गेला म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही. तो प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या सणाच्या आधी आठवावा.

आणि यंत्र कितीही उत्तम असले तरी त्याची जागा घर आहे, वेदी नव्हे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक आदेशात ध्वनिमुद्रणाची यंत्रे उपासनेत वाजवण्यास स्पष्ट मनाई केली होती. बोलणाऱ्याचा जिवंत आवाज मोठा करण्यापुरता ध्वनिक्षेपक चालेल, असेही त्यात म्हटले होते. यामागचा विचार आम्हाला आजही पटतो. मिस्सेत बेसूर का होईना, जिवंत कंठ हवा. आमच्या गायकवृंदाची पेटी एका पट्टीत किंचित उतरलेली आहे. तरी नाताळच्या रात्री तिची जागा कोणत्याही मुद्रित वाद्यवृंदाला मिळणार नाही.

धर्मगुरूच्या आयुष्याचा मोठा भाग ऐकण्यात जातो. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी जाळीपलीकडचा आवाज ऐकताना शब्दांइतकाच त्यांच्यामधला श्वास ऐकावा लागतो. रात्री जेवणानंतर अर्धा तास त्या दोन पेट्यांसमोर बसल्याने आमच्या कानांना एक शिस्त लागली. तंबोऱ्याचा झंकार विरेपर्यंत थांबणे, गायकाने सम येण्यापूर्वी घेतलेला श्वास टिपणे, हे जमू लागले की माणसाचे बोलणे मध्येच तोडण्याची सवयही कमी होते. चांगल्या स्पीकरचा हा लाभ दुकानातील कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने बहिऱ्याला बरे केले, त्याआधी त्याला गर्दीतून बाजूला नेले. बाप्तिस्मा विधीतील ‘एफ्फाथा’च्या प्रसंगी धर्मगुरू बालकाच्या कानांना स्पर्श करतो, तो त्याच कथेचा प्रतिध्वनी आहे. ज्या कुटुंबाला शक्य असेल त्याने चांगले स्पीकर जरूर घ्यावेत. कोणाचे देणे न अडवता, खोली पाहून, शेजारी सांभाळून. दिवसातून एकदा दूरदर्शन संच बंद करून सर्वांनी एका खोलीत एकच गाणे ऐकावे. गाणे संपल्यावर लगेच दुसरे लावू नये. खोली शांत झाली की घरातील जे माणूस पुष्कळ दिवस बोललेले नाही, ते बहुधा तेव्हाच बोलू लागते.